जेवणातलं पोटॅशियम रक्तातून जातं कुठे? इन्सुलिन, अ‍ॅड्रेनॅलिन आणि कोकणातल्या लाल विंचवाची गोष्ट

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या ज्युनिअर मुलामुलींना मी हमखास एक प्रश्न विचारतो: "शरीरातलं पोटॅशियम कोण सांभाळतं?" दहापैकी नऊ जण लगेच उत्तर देतात, "किडनी. अल्डोस्टेरॉन." उत्तर चूक नाही. पण त्यावर पुढचा प्रश्न आला, "किडनीला त्यासाठी वेळ किती लागतो?", की सगळे शांत होतात. आजचा लेख त्या शांततेबद्दल आहे. किडनी आपलं काम सावकाश करते, आणि ती ते करेपर्यंत आपल्याला जिवंत ठेवण्याचं काम दुसरंच कोणीतरी करत असतं.

आधी थोडा हिशेब करू. कागद-पेन घेऊन बसलात तर उत्तम.

एका जेवणाचं गणित

60 किलो वजनाचा निरोगी माणूस धरा. त्याच्या शरीरात दर किलोमागे साधारण 50 मिलीमोल, म्हणजे एकूण 3000 मिलीमोल पोटॅशियम असतं. यातलं जवळजवळ 98 टक्के पेशींच्या आत असतं आणि त्याचा सर्वांत मोठा वाटा हाडांवरच्या स्नायूंत, म्हणजे आपण हातपाय हलवायला वापरतो त्या स्नायूंत. पेशींच्या बाहेर, म्हणजे रक्तद्रव आणि पेशींभोवतीचा द्रव मिळून, उरतं फक्त 2 टक्के. 50 ते 60 मिलीमोल, बस्स.

पेशीच्या आत पोटॅशियमची संहती लिटरला 140 ते 150 मिलीमोल असते. बाहेर रक्तात फक्त 3.5 ते 5. आत-बाहेरच्या या फरकावर पेशीच्या पटलावरचं विद्युत विभव ठरतं. चेता पेशी, स्नायू, हृदय, सगळ्यांची वीज यावरच चालते. म्हणून बाहेरचा आकडा 4 वरून 7 वर गेला, तर ऐकायला फक्त 3 ने वाढला, पण ईसीजीमधली टी-लहर उंच आणि टोकदार होऊ लागते, हृदयाची लय बिघडू शकते, हृदय थांबूही शकतं.

आता जेवण. एक शहाळं, एक केळं, बटाट्याची भाजी आणि वाटीभर आमटी. यात काही राजेशाही नाही, पण साधारण 1400 मिलिग्रॅम पोटॅशियम सहज होतं. पोटॅशियमचा अणुभार 39. म्हणजे 1400 भागिले 39, अंदाजे 36 मिलीमोल. 60 किलोच्या माणसात पेशींबाहेरचा द्रव साधारण 12 लिटर. 36 ला 12 ने भागा. 3 मिलीमोल प्रति लिटर!

म्हणजे हे सगळं पोटॅशियम शोषलं जाऊन पेशींबाहेरच राहिलं असतं, तर 4 चा आकडा 7 झाला असता. रोज दुपारी जेवून आपण मेलो असतो.

किडनी? ती तोंडावाटे घेतलेल्या पोटॅशियमपैकी साधारण निम्मं बाहेर टाकायला 4 ते 6 तास घेते. तेवढ्यात दुसऱ्या चहाची वेळ झालेली असते. प्रत्यक्षात जेवणानंतर रक्तातला आकडा जेमतेम हलतो. म्हणजे आलेला बहुतेक माल काही मिनिटांत कुठेतरी आत ठेवला जातो आणि मग किडनीला सवडीने पाठवला जातो. ठेवण्याची जागा म्हणजे यकृत आणि स्नायू. तो आत घ्या असा हुकूम देणारी मुख्य संप्रेरकं दोन: इन्सुलिन आणि अ‍ॅड्रेनॅलिन.

शरीरात किती आलं आणि किती गेलं याला बाह्य संतुलन म्हणतात. जे आहे ते पेशीच्या आत किती आणि बाहेर किती, याला अंतर्गत संतुलन. किडनी पहिलं बघते. दुसरं बघतात ही संप्रेरकं.

इन्सुलिन: साखरेच्या आड झाकलेलं काम

पोटॅशियम पेशीत ढकलणारं यंत्र एकच, सोडियम-पोटॅशियम पंप. हे प्रथिन एटीपी खर्चून 3 सोडियम आयन बाहेर टाकतं आणि 2 पोटॅशियम आयन आत घेतं. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी 1957 मध्ये खेकड्याच्या चेतांवर काम करताना ते दाखवलं आणि 1997 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मध्ये 40 वर्षं गेली, हे पीएचडीला कंटाळलेल्यांनी लक्षात ठेवावं.

इन्सुलिन स्नायूच्या पेशीला चिकटलं की हा पंप जास्त जोमाने चालायला लागतो. आतले काही पंप पटलावर आणले जातात आणि पंपाची सोडियमला प्रतिसाद देण्याची क्षमताही वाढते. इथे एक गैरसमज फार पक्का बसलेला असतो: "ग्लुकोज आत जाताना पोटॅशियमला सोबत घेऊन जातो." तसं नाही. ग्लुकोज आत नेणारा वाहक वेगळा, हा पंप वेगळा. हुकूम एकाच संप्रेरकाचा, अंमलबजावणी दोन स्वतंत्र खात्यांची. याचा पुरावा टाइप-2 मधुमेहात दिसतो. तिथे इन्सुलिनला ग्लुकोजच्या बाबतीत प्रतिसाद कमी झालेला असतो, पण पोटॅशियम आत घेण्याचं काम बऱ्याच अंशी शाबूत असतं.

निसर्गाची सोय बघा. भात-पोळीतली साखर आणि भाजीतलं पोटॅशियम एकाच ताटातून येतात. साखरेमुळे इन्सुलिन सुटतं, आणि पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जायच्या आतच त्याची व्यवस्था लागलेली असते. शिवाय पोटॅशियम खूपच वाढलं, तर ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशींनाही थेट उद्दीपित करतं. प्रयोगशाळेत बीटा पेशींतून इन्सुलिन सोडवायचं असेल तर आपण पोटॅशियम क्लोराइड घालतो, त्यामागचं तत्त्व हेच.

आणि हे फक्त जेवणानंतरचं काम नाही. उपाशीपोटीही थोडं इन्सुलिन सतत सुटत असतं. सोमॅटोस्टॅटिन देऊन ते दाबलं, की निरोगी माणसातही रक्तातलं पोटॅशियम साधारण अर्ध्या मिलीमोलने चढतं. म्हणजे गोदामाचं दार सतत कोणीतरी धरून उभं आहे.

रुग्णालयात पोटॅशियम धोकादायक वाढलं की डॉक्टर 10 युनिट इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज देतात. तासाभरात आकडा साधारण 0.6 ते 1 मिलीमोलने उतरतो. लक्षात घ्या, शरीराबाहेर एक कणही गेलेला नाही. फक्त जागा बदलली.

अ‍ॅड्रेनॅलिन: एक संप्रेरक, दोन उलट हुकूम

आता जरा गुंतागुंत. 1934 मध्ये डिसिल्व्हा या शास्त्रज्ञाने मांजरांना अ‍ॅड्रेनॅलिन टोचून रक्तातलं पोटॅशियम मोजलं. ते आधी झटकन वाढलं आणि मग खाली आलं. एकच पदार्थ, दोन विरुद्ध परिणाम. त्या काळात हे कोडंच होतं. आज आपण म्हणतो, ग्राही वेगवेगळे आहेत.

बीटा-2 ग्राही स्नायूंवर असतात. अ‍ॅड्रेनॅलिन त्यांना चिकटलं की पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं, पंपावरचा एक लगाम सैल होतो आणि पोटॅशियम आत जातं. दमेकऱ्याला नेब्युलायझरमधून साल्ब्युटामॉल दिल्यावर पोटॅशियम उतरतं ते याच रस्त्याने.

अल्फा ग्राही याच्या उलट. यकृतातून पोटॅशियम बाहेर सोडलं जातं, स्नायूंचं आत घेणं मंदावतं आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणं दाबलं जातं. म्हणजे अल्फाचा मार्ग दुहेरी आहे: माल बाहेर काढतो, आणि माल आत ठेवणाऱ्यालाही अडवतो.

बदलापूर स्टेशनच्या पुलावरून धावत लोकल पकडणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. स्नायूच्या प्रत्येक आकुंचनात थोडं पोटॅशियम बाहेर पडतं. दम लागेपर्यंत धावलं तर रक्तातला आकडा 7-8 च्या घरात जाऊ शकतो. हाच आकडा किडनी निकामी झालेल्या रुग्णात दिसला तर आयसीयूत धावाधाव होते. आपला माणूस मात्र डब्यात शिरतो, दाराशी टेकून धापा टाकतो आणि अंबरनाथ यायच्या आत त्याचं पोटॅशियम जागेवर आलेलं असतं. बीटा-2 चा हुकूम आणि स्नायूतला पंप, दोघांनी मिळून ते आवरलं. प्रोप्रानोलॉलसारखी बीटा रोखणारी गोळी घेतलेल्यांत हा चढ जास्त असतो, आणि अल्फा रोखलं तर कमी. हे 1985 मध्ये माणसांवरच्या प्रयोगातून दाखवलं गेलं.

मग विंचवाचा संबंध काय?

आमच्या खरवईसारख्या डोंगराच्या कडेच्या गावांना विंचू नवा नाही. पण हा विषय जगाच्या नकाशावर नेला तो आपल्याच कोकणाने, रायगड जिल्ह्यातल्या महाडने.

डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं तिथे यायची. बरीच लहान मुलं. त्यांना घाम, उलट्या, थंडगार हातपाय, मग फुप्फुसात पाणी आणि मृत्यू. अशा गंभीर रुग्णांत मृत्यूचं प्रमाण फार मोठं होतं. बावस्करांनी रुग्णाशेजारी बसून लक्षणं नोंदवली आणि 1982 मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. 1986 मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिन या गोळीबद्दलचं त्यांचं काम आलं. मूळची ही रक्तदाबाची, अल्फा ग्राही रोखणारी साधी, स्वस्त गोळी. तिच्या वापराने मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी 70 रुग्णांची यादृच्छिक चाचणी मांडली: नुसतं प्राझोसिन विरुद्ध प्राझोसिन आणि विंचूदंशावरचं प्रतिविष. दोन्ही मिळालेले रुग्ण लवकर सावरले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपला चष्मा लावून बघू. विंचवाचं विष चेतांवरच्या सोडियम मार्गिका वेळेवर बंद होऊ देत नाही. चेता पुन्हा पुन्हा पेटत राहतात आणि अ‍ॅड्रेनॅलिन-नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा पूर येतो. अल्फा ग्राहींवर जबरदस्त मारा होतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो, आणि त्याच वेळी इन्सुलिन दाबलं जातं. परिणाम? साखर वाढते, रक्तात मुक्त मेदाम्लं वाढतात आणि पोटॅशियमही चढू शकतं. रुग्णाची किडनी धडधाकट असते! बिघाड पूर्णपणे अंतर्गत संतुलनाचा, गोदामाच्या दाराचा.

मुंबईतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ के. राधाकृष्ण मूर्ती यांनी नेमका हाच धागा धरला. विष टोचलेल्या प्राण्यांना इन्सुलिन दिल्यावर चयापचयातले आणि ईसीजीतले बदल मागे फिरतात, असं त्यांच्या गटाने दाखवलं. एकाच दंशाकडे दोन बाजूंनी बघणारे हे दोन गट: एक म्हणतो अल्फा रोखा, दुसरा म्हणतो इन्सुलिन द्या. दोन्ही बोटं एकाच मार्गाकडे जातात. माणसांच्या उपचारात स्थिरावलं ते प्राझोसिन, कारण ते खेड्यातल्या केंद्रातही देता येतं आणि मुख्य धोका असलेल्या हृदयावरचा भार ते थेट उतरवतं.

आणखी एक गंमत. याच लाल विंचवाच्या विषातून 1990 मध्ये इबेरिओटॉक्सिन नावाचं प्रथिन वेगळं केलं गेलं. कॅल्शियममुळे उघडणाऱ्या एका मोठ्या पोटॅशियम मार्गिकेला ते नेमकं बंद करतं. आज आयन मार्गिकांवर काम करणाऱ्या जगभरातल्या प्रयोगशाळांत ते वापरलं जातं.

(हे वाचून कोणी घरी प्राझोसिनची गोळी आणून ठेवू नका. ही गोळी रक्तदाब एकदम पाडू शकते. विंचू चावला तर मंत्र नको, वाट बघणं नको, थेट रुग्णालय.)

आकडा खोटं बोलतो तेव्हा

या सगळ्यातून एक गोष्ट पक्की करायची. रक्तातलं पोटॅशियम मोजून शरीरात किती पोटॅशियम आहे ते कळत नाही. आपण 2 टक्के बघून 98 टक्क्यांबद्दल बोलत असतो.

सगळ्यात धोकादायक उदाहरण मधुमेही कीटोॲसिडोसिसचं. इन्सुलिन नाही, म्हणून पोटॅशियम पेशींतून बाहेर येतं. वाढलेल्या साखरेमुळे पेशींतलं पाणी बाहेर खेचलं जातं, त्याबरोबरही येतं. मग लघवीवाटे भरपूर निघून जातं. रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा शरीरात किलोमागे 3 ते 5 मिलीमोलची तूट असते, पण अहवालावर आकडा 5 किंवा 5.5! अहवाल बघून "पोटॅशियम जास्तच आहे" म्हणत नुसतं इन्सुलिन सुरू केलं, तर उरलेलं पोटॅशियम झपाट्याने पेशींत जातं आणि आकडा 3 च्या खाली कोसळतो. म्हणून डॉक्टर दर काही तासांनी पोटॅशियम मोजतात, सलाइनमधून ते देत राहतात, आणि सुरुवातीलाच कमी असेल तर आधी पोटॅशियम देऊन मग इन्सुलिन लावतात. अंतर्गत आणि बाह्य संतुलन यांतला फरक इथे परीक्षेच्या गुणांपुरता राहत नाही.

बाकीच्या संप्रेरकांचं थोडक्यात. थायरॉइड संप्रेरक स्नायूंतल्या पंपांची संख्याच वाढवतं. ते अति झालं, तर काही लोकांत, विशेषतः आशियाई पुरुषांत, पिष्टमय पदार्थांच्या भरपेट जेवणानंतर पोटॅशियम इतकं आत शिरतं की पहाटे उठताना पाय उचलत नाहीत. अल्डोस्टेरॉनचं मुख्य काम किडनीत, पण ते मोठ्या आतड्यावर आणि घामाच्या ग्रंथींवरही चालतं. एरवी विष्ठेतून 5 ते 10 टक्के पोटॅशियम जातं. किडनी निकामी झालेल्यांत आतडं हा वाटा बराच वाढवतं.

संशोधन करणाऱ्याने यातून काय उचलायचं?

समजा तुमच्या प्रयोगात एखादं औषध दिल्यावर उंदराच्या रक्तातलं पोटॅशियम उतरलं. लगेच "औषधाने पोटॅशियम कमी केलं" असं लिहू नका. या क्रमाने तपासा.

1. नमुना खरा आहे का? रक्तकणांच्या आत पोटॅशियम ठासून भरलेलं असतं. सुईने जोरात खेचलं, रक्तकण फुटले, किंवा नमुना वेगळा न करता तासन्‌तास टेबलावर राहिला, की आकडा खोटाच चढतो. द्रव लालसर दिसतोय का, ते डोळ्यांनी बघा. उंदराच्या थोड्याशा रक्तात हे फार होतं, आणि दोन गटांत सारख्या प्रमाणात होत नसेल तर फरक औषधाचा की हाताचा, कळत नाही.

2. लघवी मोजली का? 1980 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये रोझा आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला. त्यांनी निरोगी माणसांना शिरेतून पोटॅशियम दिलं, काहींना सोबत प्रोप्रानोलॉल, काहींना अ‍ॅड्रेनॅलिन. प्रोप्रानोलॉलने रक्तातली वाढ जास्त झाली, अ‍ॅड्रेनॅलिनने कमी. पण प्रयोगाचा खरा जीव रक्ताच्या आकड्यात नव्हता. त्यांनी लघवीतलं पोटॅशियमही मोजलं, आणि हा फरक किडनीमुळे पडलेला नाही हे त्यातून दिसलं. दुसरी बादली मोजली, म्हणून पहिल्या बादलीच्या आकड्याला अर्थ आला.

3. सोबत इन्सुलिन, ग्लुकोज आणि पीएच बदलले का? औषध थेट पंपावर काम करतंय, की इन्सुलिन सोडून त्याच्या हातून काम करवून घेतंय? इन्सुलिनची पातळी स्थिर धरून प्रयोग पुन्हा केला की कळतं.

4. ग्राही कोणता? नुसतं "अ‍ॅड्रेनॅलिनमुळे" म्हणून चालत नाही, हे डिसिल्व्हाच्या मांजरांनी 1934 मध्येच सांगून ठेवलंय. अल्फा रोखून बघा, बीटा रोखून बघा, मग बोला.

आणि हे तपासायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात कोणती मोठी प्रयोगशाळा नव्हती. रुग्णाशेजारी बसून दर तासाला केलेली नोंद होती, आणि "हा नेमका कोणत्या ग्राहीचा खेळ?" हा प्रश्न होता.

मुलाखतीआधी स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

एक. डायलिसिसवरच्या रुग्णाला एखाद्या तपासणीसाठी रात्रभर उपाशी ठेवलं. त्याने काहीच खाल्लेलं नाही, तरी सकाळी पोटॅशियम वाढलेलं असतं. का? (इशारा: उपाशीपोटी कोणतं संप्रेरक तळाला जातं?)

दोन. बरेच दिवस अन्न न मिळालेल्या माणसाला एकदम भरपूर जेवण दिलं तर पोटॅशियम धोकादायकरीत्या का उतरतं?

तीन, जरा अवघड. पाठ्यपुस्तकं सांगतात की स्वादुपिंडातलं इन्सुलिन दाबणारा ग्राही अल्फा-2 आहे. प्राझोसिन प्रामुख्याने अल्फा-1 रोखतं. तरीही बावस्करांच्या लेखांत प्राझोसिनने दबलेल्या इन्सुलिनचे परिणामही मागे फिरतात, अशी मांडणी आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा बसवाल? आणि तुमचं स्पष्टीकरण बरोबर की चूक हे ठरवायला कोणता एक प्रयोग कराल, नियंत्रण गट कोणता ठेवाल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या पानात लिहून बघा. प्रयोगात लघवी मोजायची विसरू नका.